बघायचं नाही

आमच्या टायपिंगच्या बाई पत्त्यांत चोरी करत, कॅरममध्ये चोरी करत आणि पन्नाशी उलटल्यावर कॉम्प्युटरवरचा बंदुकीचा खेळ शिकल्या तेव्हा त्यातही चोरी करू लागल्या. हे मी त्यांची बदनामी करायला सांगत नाही. उलट हल्ली त्यांच्याबद्दल लोक जे गोडगोड बोलतात ते ऐकून माझं डोकं फिरतं, म्हणून सांगतोय. मध्ये एका सत्कारात कुणीतरी म्हणालं, बाईंनी लालबागची पोरं घडवली. घडवली असतील. पण गणपतीच्या मांडवात संगीत खुर्ची चालू असताना एक खुर्ची हाताने धरून, ती सोबत ओढत धावणारी बाई या वक्त्याने पाहिलेली नव्हती. मी पाहिली आहे. वर पंचांनी हटकलं तेव्हा बाई म्हणाल्या, "मी कुठे धरलीय? तीच येतेय माझ्यामागून."

बाई राहायच्या कफ परेडच्या मच्छीमार नगरात, अस्सल कोळ्यांच्या घरात. आईची आणि दोन्ही वहिन्यांची पाटी बाजारात होती, भावांच्या होड्या होत्या, आणि या एकट्या घरातून निघून बसने लालबागला येत आणि टायपिंग शिकवत. लग्न केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमची छाती नव्हती. इन्स्टिट्यूट पहिल्या मजल्यावर, खाली मसाल्याची दुकानं. उन्हाळ्यात मिरची कांडायला सुरुवात झाली की वरती सगळी पोरं शिंकत शिंकत टाइप करायची. त्यात दुपारी बाई डबा उघडत. सुक्या जवळ्याचा वास आणि मिरचीचा खकाणा यांच्यात जो मराठी टायपिंग शिकला त्याला पुढे आयुष्यात कुठल्याही ऑफिसचा त्रास झाला नाही.

त्यांचं एक ब्रीदवाक्य होतं, "बघायचं नाही." टाइपरायटरच्या कळांकडे न बघता टाइप करता आलं पाहिजे म्हणून प्रत्येकाच्या गळ्यात त्या एक जाड काळं फडकं बांधत. फडक्याचं दुसरं टोक मशीनला. हात खाली, अंधारात. कुणी फडकं जरा उचललं की मागून पट्टी यायची आणि पाठोपाठ आवाज, "बघायचं नाही. बोटांना घर ठाऊक असतं." कोळीवाड्यातला आवाज होता तो, खालचा मसालेवालाही हातातला झारा थांबवून वर बघायचा.

आम्हाला फडकी बांधणाऱ्या या बाई स्वतः मात्र सगळ्या जगाचं बघत. दुपारी शेजारच्या बायका बदाम सात खेळायला यायच्या, तेव्हा बाई आग्रहाने प्रत्येकीला जागा दाखवत. "तू इथे बस, पंख्याखाली. तू इकडे, पाय पसरून." महिनोन्‌महिने बायका हरत होत्या. त्यांच्या पाठीमागे काचेचं कपाट होतं आणि त्या काचेत सगळ्यांचे पत्ते दिसत होते, हे माझ्या मावशीच्या लक्षात आलं तेव्हा मोठा गहजब झाला. बाईंना जराही लाज वाटली नाही. "हाताने चोरतो तो चोर," त्या म्हणाल्या, "डोळ्यांनी चोरायला अक्कल लागते. तुम्हीपण बघा, मी नको म्हटलंय?" पुढच्या दुपारी बायका पुन्हा हजर, फक्त कपाटाकडे पाठ करायला कुणी तयार होईना आणि त्यावरून नवीन भांडण.

ही इन्स्टिट्यूट त्यांनी उघडली ती गिरण्यांचा संप चिघळला तेव्हा. घरोघरी बाप्ये बसून होते. त्यांतले काही धीर करून टायपिंग शिकायला वर आले. त्यात मिलिंदचे वडील होते. मिलिंद म्हणजे माझा दोस्त, भोईवाड्याच्या चाळीतला. त्याचे वडील गिरणीत साच्यावरचे, म्हणजे मागावरचे कामगार, बोटं ही अशी जाड. एक कळ दाबायला गेले की दोन दाबल्या जायच्या आणि आतले दांडे एकमेकांत अडकायचे. बाईंनी त्यांना आठवडाभर शिकवलं. आठव्या दिवशी ते आलेच नाहीत. पुढे ते शिवडीला एका गोदामावर वॉचमन झाले. मिलिंदची आई परळच्या इस्पितळात आया होती, घर तिच्यावर चाललं. बाईंना तो माणूस सुटल्याचं लागलं होतं. मिलिंद दहावी झाला तेव्हा त्या स्वतः भोईवाड्याला जाऊन त्याला घेऊन आल्या. "बापाचं राहिलंय, पोराचं नाही राहू देणार," असं त्याच्या आईला सांगून आल्या होत्या.

आम्ही बाईंकडे लागलो तोवर टाइपरायटर खोलीच्या एका बाजूला सरकले होते आणि दुसऱ्या बाजूला सहा कॉम्प्युटर आले होते, एकमेकांना वायरींनी जोडलेले. शिवाय एक बाईंच्या केबिनमध्ये. केबिन म्हणजे लाकडी आडोसा. त्या सातव्या कॉम्प्युटरचं काम काय, असं कुणीतरी विचारलं तर बाई म्हणाल्या, "छपाईला आहे." आम्ही विश्वास ठेवला. बाईंवर विश्वास ठेवायची आम्हाला सवयच होती, आणि तीच आमच्या मुळावर आली.

दुपारी क्लास रिकामा असताना आम्ही त्या सहा मशीनवर खेळायचो. खेळ साधा होता. प्रत्येक जण आपापल्या पडद्यावर, पण सगळे एकाच मोठ्या बंद गोदामात फिरतोय असं समजायचं. आपल्याला फक्त आपल्यासमोरचं दिसणार. भिंतीआड दबा धरायचा, दुसरा दिसला की गोळी घालायची, शेवटी उरेल तो जिंकला. बाईंनी पहिल्या दिवशी आम्हाला झापलं. दुसऱ्या दिवशी मागे उभ्या राहून बघितलं. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "हे चालायचं कुठल्या बटनाने?"

त्यानंतर त्या रोज केबिनमधून खेळू लागल्या. खेळायच्या भयंकर. माऊस पोळपाटावर लाटणं फिरवावं तसा फिरवायच्या. भिंतीवर डोकं आपटायच्या, वर बघत चालायच्या, एकदा पायऱ्या चढता येईनात म्हणून त्यांनी पायऱ्यांवरच गोळ्या झाडल्या. आणि तरी जिंकायच्या. मी खोक्यांमागे श्वास रोखून बसलेला असायचो, एवढ्या मोठ्या गोदामात दुसरीकडे कुठेही न डोकावता बाई धडपडत धडपडत थेट माझ्या खोक्यांपाशी यायच्या आणि आडोशापलीकडून आवाज यायचा, "मेलास की रे."

मिलिंद आमच्यात सगळ्यात भारी. लालबागपासून भोईवाड्यापर्यंत त्याला कुणी हरवत नसे. पण बाई त्यालाही शोधून काढायच्या. आम्ही नाना शंका काढल्या. बाईंच्या मशीनमध्ये भिंती पारदर्शक दिसायचा काहीतरी जुगाड असणार, असं ठरलं. ते बघायला त्यांच्या मशीनमध्ये घुसायला हवं, म्हणजे पासवर्ड हवा. कोळीणबाईंचा पासवर्ड मासाच असणार. मग एका दुपारी बाई डबा खात असताना आम्ही आमच्या मशीनवरून त्यांच्या मशीनचं दार ठोठावायला लागलो. बोंबील टाकला. पापलेट टाकलं. सुरमई, बांगडा, मांदेली, घोळ. प्रत्येक चुकीला केबिनमध्ये बारीक टूं वाजत होतं हे आम्हाला ठाऊक नव्हतं. रावस झाल्यावर जवळा चावत चावत बाई आतून म्हणाल्या, "हलवा राहिला."

मिलिंदने हलवा टाकून पाहिला. तोही चुकीचाच निघाला.

त्याच सुमारास ती भानगड उभी राहिली. मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा येत्या रविवारी होती. कोर्टात कारकुनांच्या जागा निघणार अशी पक्की बातमी होती आणि टायपिंगचं सर्टिफिकेट नसेल तर अर्जच घेणार नव्हते. मिलिंदच्या आईने वर्षभर याच एका गोष्टीवर डोळा ठेवला होता. ड्युटीवरून येता-जाता ती कोर्टाच्या दारावरून जायची आणि घरी येऊन म्हणायची, "आत पंखे आहेत, खुर्च्या आहेत." आणि नेमकी त्याच रविवारी लोअर परळला एका नव्या गेम पार्लरने स्पर्धा ठेवली. मिलिंद सरळ बाईंच्या केबिनमध्ये जाऊन उभा राहिला. मी मागे.

"बाई, मी परीक्षेला नाय बसत. रविवारी कॉम्पिटिशन आहे."

"कसली?"

"गेमची."

"आईला ठाऊक आहे?"

"नाय अजून."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. मला वाटलं आता पट्टी निघणार. पण त्या म्हणाल्या, "उद्या दुपारी एक डाव खेळू. तू जिंकलास तर मी स्वतः तुझ्या आईला जाऊन सांगेन, की पोरगा परीक्षेला बसत नाही, मी त्याला सोडलाय. मी जिंकले तर रविवारी गुमान मशीन उचलायचं आणि सेंटरवर यायचं. आहे कबूल?"

मिलिंद हो म्हणाला. आईला सांगायचं काम दुसरं कुणी करणार म्हटल्यावर त्याने कशालाही हो म्हटलं असतं. बाहेर आल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाईंना आजवर आपण एकदाही हरवलेलं नाही.

त्याच दुपारी सरावाचा डाव लागला. मिलिंद लवकर मेला आणि पाणी प्यायला केबिनपाशी गेला. बाई खेळण्यात इतक्या बुडाल्या होत्या की त्यांनी मान वर केली नाही. तो तसाच दारात उभा राहिला आणि मग हळूच मागे येऊन माझी कॉलर धरून मला जिन्यात घेऊन गेला.

"बाईंच्या चष्म्यात बघितलंस कधी?"

"काय बघायचंय?"

"सहा चौकोन आहेत. बारके बारके. एकात मी मेलेला दिसतोय, एकात तू खोक्यामागे बसलायस. आपले सगळे पडदे तिच्या मशीनवर दिसतात रे. छपाईला आहे म्हणे."

जाडजूड भिंगांचा चष्मा, आणि त्यात आमच्या खेळाचा हिरवा उजेड हलत होता. कॉम्प्युटर बसवून देणाऱ्यानेच ती सोय करून ठेवली होती, शिक्षकाला मुलांवर लक्ष ठेवता यावं म्हणून. बाई लक्ष ठेवत होत्या, अगदी मन लावून. काचेच्या कपाटावरून एवढं रामायण होऊनही आम्हाला हे सुचू नये याचं मला आजही नवल वाटतं.

मिलिंद खवळला नाही. त्याच्या डोळ्यांत एक वेगळीच चमक आली. प्रत्येक मशीनला एक नाव दिलेलं होतं, एक ते सहा. मिलिंदचं चार, माझं दोन. बाईंच्या पडद्यावर प्रत्येक चौकोनाखाली ते नाव येत असणार. दुसऱ्या दिवशी बाई यायच्या आत मिलिंदने आमच्या दोन मशीनची नावं बदलून टाकली. माझं मशीन झालं चार. त्याचं दोन. मशीनवर चिकटवलेले कागदी आकडे जसेच्या तसे ठेवले.

"तू काय करायचं नाय," तो मला म्हणाला, "खोक्यामागे जाऊन बस आणि माझ्यासारखा दिस."

डाव सुरू झाला. आणखी दोन पोरं होती, ती पहिल्याच फेरीत उडाली. मी खोक्यांमागे भिंतीकडे तोंड करून बसलो. केबिनमधून बाईंच्या बांगड्या वाजत होत्या. मला माझ्या पडद्यावर त्या दिसायच्या आधी त्यांच्या पावलांचा आवाज ऐकू आला, खेळातल्या पावलांचा, तसाच धडपडत येणारा. चार नंबरच्या चौकोनात दिसणाऱ्या खोक्यांकडे, मिलिंद तिथेच आहे असं समजून, बाई निघाल्या होत्या. त्या आल्या, वळल्या, समोर मी. खेळातल्या माझ्या डोक्यावर माझं नाव.

"अगोबाई, हा तर तू," आतून आवाज आला, आणि त्याच क्षणी मिलिंदने त्यांना मागून गोळी घातली.

खालच्या दुकानातलं कांडप ऐकू येत होतं. बाई केबिनमधून बाहेर आल्या. माझ्या मशीनकडे बघितलं, मिलिंदच्या मशीनकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. आम्हाला कळलंय हेही कळलं होतं. पण बोलणार कोण? नावं का बदललीस असं विचारायचं तर तुम्हाला नावं दिसली कुठे, असा उलटा सवाल येणार. आम्हीही काही बोललो असतो तर आमचं उघडं पडलं असतं. दोन्ही बाजूंनी फडकी बांधलेली. शेवटी बाई म्हणाल्या, "संध्याकाळी येते घरी," आणि छत्री शोधायला लागल्या.

संध्याकाळी त्या खरंच आल्या. भोईवाड्याच्या चाळीत, तिसऱ्या मजल्यावर. मिलिंदची आई नुकतीच ड्युटीवरून आली होती. वडील खाटेवर. बाई बसल्या, चहा घेतला, बशी खाली ठेवली आणि म्हणाल्या, "पोरगा हरला हो आमच्यासमोर. पैज लागली होती. आता रविवारी परीक्षेला बसतोय."

मिलिंदचं तोंड उघडं राहिलं. बाईंनी त्याच्याकडे वळून अगदी मायेने विचारलं, "खरं ना रे? का सांगू सगळा डाव कसा झाला ते?"

तो काही बोलायच्या आत त्याची आई हसली. एवढी मोठ्याने हसलेली मी तिला कधी पाहिली नव्हती. "ऐकलंत का," ती वडिलांना म्हणाली, "बसतोय म्हणे." वडिलांनी आपले दोन्ही पंजे मांडीवर पसरले आणि त्या जाड बोटांकडे बघत बसले. मग म्हणाले, "बाई, याचा हात हलका आहे ना?" बाई म्हणाल्या, "एकदम." मिलिंद उठला आणि कपबशा गोळा करायला लागला. मलाही गलबलून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

जिन्यात मात्र त्याने त्यांना गाठलं.

"बाई, तुम्ही हरलात."

"हो."

"मग खोटं का बोललात?"

"मला हरलेलं आवडत नाही," बाई म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या.

आता लोक म्हणतात, मिलिंदच्या भल्यासाठी केलं त्यांनी. मी तिथे होतो. बाईंचं नाक लाल झालं होतं, खालचा ओठ बाहेर आला होता. बदाम सातमध्ये मावशीने पकडल्यावर आला होता तसाच. भलं झालं ते खरं, पण बाई रुसल्या होत्या तेही खरं, आणि यातलं एकच खरं धरणाऱ्या माणसाला बाई कळल्याच नाहीत.

त्या काळी टायपिंगच्या परीक्षेला आपापलं मशीन सेंटरवर न्यावं लागायचं. रविवारी सकाळी हातगाडीवर गोधडीत गुंडाळलेले टाइपरायटर चढले. पुढे बाई छत्री उगारून, "बाजूला व्हा, मशीनं आहेत," असं ओरडत, मागून मिलिंद गाडी ढकलत. चेहरा असा की गाडीवर त्याचंच कुणीतरी झोपवलंय. मी एकटाच लोअर परळला गेलो आणि पहिल्याच फेरीत बाद झालो. तिथल्या एका पोराने मला भिंतीतून गोळी घातली, खरोखरच्या जुगाडाने. सोमवारी बाईंना सांगितलं तर त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "चूक तुझीच," म्हणाल्या, "भिंतीवर कशाला विसंबलास?"

मिलिंद पास झाला, कोर्टात लागला, आज चांगल्या टेबलावर आहे. पंखा आहे, खुर्ची आहे. पण त्याच्या आयुष्याला एक कुसळ लागून राहिलं. त्याची आई बारशाला, लग्नाला, बुद्ध जयंतीला, जिथे माणसं जमतील तिथे सांगायची, "याला याच्या टायपिंगच्या बाईंनी खेळात हरवला, म्हणून हा परीक्षेला बसला." आणि लालबाग ते भोईवाडा कुणाच्या बापाला न हरलेला मिलिंद खाली मान घालून भजी खायचा. त्याने बाईंना हरवलं होतं हे जगात आम्हा मोजक्यांनाच ठाऊक होतं. एकदा तो मला म्हणाला, "मरायच्या आधी आईला एकदा खरं सांगून टाकणार बघ."

पुढे ती इमारत पाडायला काढली, इन्स्टिट्यूट गेली, बाई मच्छीमार नगरात भावाच्या घरी दिवसभर बसून असायच्या. मध्यंतरी मिलिंदच्या आईने हट्टच धरला, बाईंना भेटायचंय. आम्ही तिघं गेलो. दारापुढे बोंबील वाळत होते. बाई ओट्यावर बसल्या होत्या. चष्मा आणखी जाड झालेला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन होऊनही नीट दिसत नाही असं त्यांच्या वहिनीने दारातच हळू आवाजात सांगितलं.

आत जाऊन बसलो. मिलिंदच्या आईने बाईंचा हात हातात घेतला आणि आपलं नेहमीचं सुरू केलं. "तुम्ही त्या दिवशी याला हरवला नसतात तर..."

मी मिलिंदकडे पाहिलं. बाईंनीही मान वळवली, तो बसला होता त्या बाजूला, अंदाजाने. इतक्या वर्षांनी त्यांच्या चेहऱ्यावर थोडी धाकधूक दिसली मला.

"हो ना," मिलिंद म्हणाला. "वाईट हरवलं बाईंनी. कुठून आल्या तेच दिसलं नाय मला."

बाईंनी पदराने चष्मा पुसला, बराच वेळ पुसला. मग वहिनीला म्हणाल्या, "पत्ते आण ग. बदाम सात होऊन जाऊ दे."

सतरंजी अंथरली. बाईंच्या समोरच्या भिंतीला काचेचं कपाट होतं, लालबागचंच, मी ओळखलं. मी सावधपणे खिडकीकडची जागा धरली. मिलिंदला सगळी खोली मोकळी होती. तो सरळ जाऊन कपाटाला पाठ लावून बसला आणि आपले पत्ते त्याने छातीपासून लांब, छान पसरून धरले.

बाईंनी मान पुढे काढली. डोळे बारीक केले. एकदा या बाजूने बघितलं, एकदा त्या बाजूने.

"जरा वर धर रे," त्या म्हणाल्या.

मिलिंदने पत्ते वर धरले.